मध्यंतरात ते पळून का गेले नाहीत? एका प्रतिक्रियेला उत्तर

दोस्त राष्ट्रांचे युद्धकैदी जर्मन टीमशी फुटबॉल सामना खेळतात, त्या 'एस्केप टू व्हिक्टरी' चित्रपटावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही इतकी सविस्तर आणि कडक प्रतिक्रिया दिलीत, मग उत्तरही दोन ओळींत उरकणं बरं नव्हे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: १९४२ साली कीव्हमध्ये जर्मन टीमला हरवलं म्हणून खेळाडूंना सामना संपताच, अंगावरच्या जर्सीसकट, गोळ्या घालण्यात आल्या आणि हॉलिवूडने त्या रक्तावर साखर पेरली. समोर सुटकेची वाट मोकळी असताना कैदी सामना पुरा करायला मैदानात परततात, हे पटत नाही. आणि स्टॅलोन गोलकीपर म्हणून शोभत नाही.

स्टॅलोनचं आधी बोलून टाकतो. इंग्लंडचा नामवंत गोलकीपर गॉर्डन बँक्स याच्याकडून धडे घेऊनही तो अवघडलेलाच दिसतो. पण त्याचं पात्रच फुटबॉल न कळणाऱ्या अमेरिकन कैद्याचं आहे, पळून जाता यावं म्हणून टीममध्ये घुसलेल्याचं. तिथे सफाई असती तर मला ती खटकली असती.

कीव्हबद्दल मात्र माझा तुमच्याशी ठाम मतभेद आहे. तुम्ही लिहिलेली हकीकत ही युद्धानंतर सोव्हिएत काळात रुजलेली दंतकथा आहे. खेळाडू खरे होते. कीव्हच्या डायनॅमो आणि लोकोमोटिव्ह या क्लबांचे हे लोक शहर पडल्यावर एका बेकरीत कामाला लागले आणि 'स्टार्ट' नावाने खेळू लागले. ६ ऑगस्टला त्यांनी जर्मन विमानविरोधी दलाच्या 'फ्लाकेल्फ' टीमला ५-१ असं हरवलं, ९ तारखेच्या परतीच्या सामन्यात ५-३ असं. त्या संध्याकाळी कुणालाही गोळी घातली नाही. आठवडाभराने हीच टीम 'रूख' या स्थानिक टीमविरुद्ध पुन्हा उतरली आणि ८-० ने जिंकली. अटका झाल्या त्या त्यानंतर. त्यांच्यातला कोरोतकिख गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, छळात गेला. गोलकीपर त्रुसेविच, क्लिमेन्को आणि कुझ्मेन्को यांना फेब्रुवारी १९४३ मध्ये कीव्हमधल्या सिरेत्सच्या नाझी छावणीत मारलं, म्हणजे सामन्यानंतर तब्बल सहा महिन्यांनी.

याने त्यांचं मरण हलकं होत नाही. उलट दंतकथेनेच ते सोपं करून टाकलं, असं मला वाटतं. जिंकले म्हणून मेले, एवढ्यावर गोष्ट मिटते. सिरेत्समध्ये मारल्या गेलेल्या बाकीच्या कैद्यांनी तर कुठला सामना जिंकला नव्हता. त्यांच्यासाठी ही दंतकथा एक ओळसुद्धा ठेवत नाही. जॉन ह्यूस्टनने १९८१ मध्ये पॅरिसची काल्पनिक गोष्ट रचली, कीव्हचं नावही घेतलं नाही. इतिहास बिघडवल्याचा आरोप करायचाच तर तो आधी दंतकथेवर करा.

आणि चित्रपटात साखरच आहे म्हणता? पूर्व युरोपातले कैदी येतात तो प्रसंग पुन्हा बघा. मायकेल केनने उभा केलेला कोल्बी, कैद्यांची टीम बांधणारा, टीमसाठी पोलिश आणि चेक खेळाडू मागतो. युद्धाआधी ज्यांचा खेळ नावाजलेला होता ती माणसं समोर येतात ती हाडांचे सापळे होऊन. धड उभं राहण्याचं त्राण नाही, मग धावणार काय! कोल्बीला त्या क्षणी कळतं की आपल्या छावणीत निदान युद्धकैद्यांना संरक्षण देणाऱ्या जिनिव्हा कराराची सावली तरी आहे, या माणसांना तीही नाही. संवाद फारसे नाहीत, केनचा चेहरा सगळं सांगतो. त्यानंतर आपण या टीमकडे निव्वळ खेळाडू म्हणून बघू शकत नाही. तसाच तो हात मोडण्याचा प्रसंग. स्टॅलोनला अंधारकोठडीतून बाहेर काढायला टीमचा गोलकीपर जखमी हवा, आणि जर्मन डॉक्टर तपासणार म्हणजे मोड खरीच हवी. तो तरुण मुकाट्याने हात पुढे करतो आणि आपलीच माणसं तो मोडतात. (ते काम केलेला केव्हिन ओ'कॅलॅहन प्रत्यक्षात इप्सविचचा विंगर होता.) पुढे गोल कितीही पडोत, या सामन्याची किंमत तिथे मोजली गेलेली आहे.

आता मध्यंतर. जर्मन ४-१ ने पुढे, रेफरी सरळसरळ जर्मनांच्या बाजूचा, आणि ड्रेसिंग रूमच्या हौदातून भुयार उघडलेलं. आपण जिंकू शकतो, असं खेळाडूंना वाटतं आणि ते परत फिरतात. तुम्ही याला बालिश म्हणता. पण हा सामना मुळात कुणी भरवला? जर्मन अधिकारी मेजर फॉन स्टायनरच्या मनात साधी मॅच होती, प्रचारखात्याने तिचा तमाशा केला. ते पळाले असते तर दुसऱ्या दिवशी रेडिओवर काय वाजलं असतं? ४-१ ने मार खाल्ला आणि गटारातून पळ काढला. भरलेल्या स्टेडियममधल्या पॅरिसकरांनी पाहिलेलं शेवटचं चित्रही तेच राहिलं असतं. म्हणून स्वतःच्या सुटकेचा सौदा मोडून ते परततात. खेळाडूंच्या अंगी ती खुमखुमी असते, हे चित्रपटात उतरलेल्या बॉबी मूर, आर्डिलेस, डेयना या खऱ्या फुटबॉलपटूंना नुसतं चालताना पाहिलं तरी पटतं. नटांकडून ते जमलं नसतं.

पेलेचा ओव्हरहेड किक बसतो तेव्हा स्टायनर उभा राहून टाळ्या वाजवतो. तुमच्या मते हे जर्मनांचं उदात्तीकरण. मला उलट वाटतं. मॅक्स फॉन सिडोने एक सज्जन माणूस उभा केला आहे, आणि तो सज्जन असूनही सगळं यंत्र त्याच्याच कल्पनेवर चाललेलं आहे. त्याच्या टाळ्यांनी त्यातलं काही थांबत नाही.

शेवटी गर्दी मैदानात घुसते, अंगावरचे कोट देऊन खेळाडूंना घेऊन जाते, हे स्वप्नरंजन आहे, यात वाद नाही. साहसपटाकडून मी तेवढं घेतो. पण ४-४ हा निकालही बघा. नाव व्हिक्टरी आणि पटकथेने त्यांना फलकावर विजय दिलेलाच नाही.

तुम्ही झोल्तान फाब्री यांच्या हंगेरियन चित्रपटाचा दाखला दिलात, तो मात्र अगदी योग्य. हिटलरच्या वाढदिवसासाठी खेळवलेली ती टीम शेवटी मैदानातच मारली जाते, आणि चित्रपट म्हणून तो ह्यूस्टनच्या कितीतरी वरचा आहे. त्यावर स्वतंत्र लेख लिहायला घेतला आहे. त्याच्याखाली तुमची प्रतिक्रिया हवीच, आणि ती अशीच कडक असू द्या.