रात्री दोन वाजता डॉक्टर येतो म्हणे

"रात्री दोन वाजता डॉक्टर स्वतःहून पेशंटजवळ येतो? मंग तिथंच पिक्चर खोटा ठरला ना भो," अप्पा म्हणाले, आणि डायरेक्टरचा तासाभराचा उत्साह चहाच्या गाळात जाऊन बसला.

डायरेक्टर म्हणजे आमच्या कट्ट्यावरचा मित्र. पुण्यात तीन महिने अभिनयाचा कोर्स करून आला आणि तेव्हापासून त्याला शेवभाजीच्या तर्रीतही 'लेअर' दिसतात. सध्या तो एका पिक्चरनं झपाटलाय. डोकं फिरलेला डॉक्टर, एक हॉस्पिटल, एक रात्र. हिंदीत डब केलेला. आम्ही सगळ्यांनी तो मोबाइलवर पाहिला, कारण त्यानं चारही ग्रुपवर लिंक टाकली होती आणि 'पाहिला का?' म्हणून सकाळ-संध्याकाळ फोन करत होता.

अमळनेरात सखाराम महाराजांच्या यात्रेचे पाळणे नुकतेच उठलेले. बोरी नदीच्या पात्राकडून येणारा वारासुद्धा गरम. साडेदहा वाजले तरी कट्ट्याचा दगड धड बसू देत नव्हता. आणि अशा उकाड्यात डायरेक्टर मोजे घालून बसलेला. विचारलं तर म्हणे, लूक आहे.

"अप्पा, लॉजिक बघू नका, अ‍ॅटमॉस्फिअर बघा. तो लांबलचक कॉरिडॉर... रिकामा... एकच ट्यूबलाइट फडफडू राहिली..."

"रिकामा? दवाखान्याचा कॉरिडॉर?" अप्पांनी बशी खाली ठेवली. "अरे, एका पेशंटमागे चार नातेवाईक सतरंज्या टाकून झोपेल राहतात. कोणाच्या उशाला भाकरीचं फडकं, कोणाचा पाण्याचा डबडा. तुझा तो डॉक्टर सुरा घेऊन निघाला ना, तर दुसऱ्याच पावलाला कोणाच्या तरी वरणात पाय पडीन त्याचा. अन् मंग ज्या म्हातारीचं वरण सांडलं ती त्याला सोडीन का?"

अप्पांचं ऐकावंच लागतं. एका डॉक्टरकडे २७ वर्षं कंपाउंडर होते. (२७ वर्षं आणि पीएफ शून्य. हा विषय निघाला की रात्र संपते, म्हणून आम्ही तो काढत नाही.) मिक्श्चरच्या बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून डोस पाडणारा तालुक्यातला बहुधा शेवटचा माणूस.

"अन् तो रुमाल," अप्पा पुढं म्हणाले. "नाकाला लावला की नर्स धाडकन खाली. क्लोरोफॉर्म काय अत्तर शे का? चांगली पाच-पाच मिनिटं धरून ठेवावं लागतं. तोवर माणूस काय हात जोडून बसतो? क्लोरोफॉर्मचं पाणी आम्ही मिक्श्चरमध्ये घालायचो. गोडसर लागतं. पोरं बाटली चाटून रिकामी करायची, एकही बेशुद्ध पडला नाही. तूसुद्धा प्यायलेला आहेस."

"तरीच," मास्तर म्हणाले. मास्तर दिवसभरात दोनच वाक्यं बोलतात, त्यातलं हे एक.

दुसरं वाक्य मात्र लांबलं. मास्तरांना कालपासून शिपमन आठवत होता. इंग्लंडात मँचेस्टरजवळच्या हाइड गावचा दाढीवाला डॉक्टर. लोकांचा इतका लाडका, की त्याच्याकडे नाव लावायला यादीत थांबावं लागे. बहुतेक म्हाताऱ्या बायकाच मारल्या. घरी जायचा, गोड बोलायचा, डायमॉर्फिनचं, म्हणजे हेरॉइनचंच, इंजेक्शन द्यायचा आणि वयोमानानं गेल्या असा दाखला स्वतःच लिहायचा. २००० साली १५ खुनांसाठी जन्मठेप झाली. नंतरच्या चौकशीत आकडा निघाला २१५. सापडला कशात, तर शेवटच्या बाईचं खोटं मृत्युपत्र केलं त्यात. तिची मुलगी निघाली वकील, आणि ते ज्यावर टाइप केलं ते मशीन ह्याच्याकडंच.

"ना किंकाळी, ना ट्यूबलाइट," मास्तर म्हणाले. "खुर्चीत बसलेली बाई, बाजूला चहा."

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग अप्पा म्हणाले, "घरी व्हिजिटला यायचा? फुकट? तिथंच लोकांना संशय यायला पाहिजे होता."

हशा ओसरेपर्यंत एमआर धुमसत होता. एमआर म्हणजे औषध कंपनीचा आमचा मित्र. डॉक्टरांविरुद्ध शब्द निघाला की त्याला आपलं टार्गेट बुडाल्यासारखं वाटतं. त्यात सकाळी डायरेक्टरनं त्याची गाडी 'पाच मिनिटं' म्हणून नेली आणि दुपारी आणून लावली, तेही दुखणं होतंच.

"डॉक्टरला राक्षस केलं की तुमचा पिक्चर चालतो," तो म्हणाला. "२०१७ चा मार्च विसरले का? धुळं? कोणी कोणाला मारलं होतं तिथं?"

विसरतो कसा. हाडांच्या वॉर्डातलं शिकाऊ पोरगं. डोक्याला मार लागलेला पेशंट आला, मेंदूचा सर्जन दवाखान्यात नाही, दुसरीकडं न्या म्हणाला. नातेवाइकांनी असा धुतला की डोळ्यावर बेतलं. मग राज्यभरचे निवासी डॉक्टर रजेवर गेले. 'हल्ला केल्यास ३ वर्षे कैद, ५०,००० रुपये दंड' हा २०१० चा कायदा तेव्हाही भिंतीवर लावलेला होताच.

"हे बरोबर बोलला," अप्पा म्हणाले. मला वाटलं होतं ते एमआरला उडवून लावतील. "पण मुद्दा कळला का तुला? त्या पोरानं काय गुन्हा केला? खरं सांगितलं, की आपल्याकडं तो सर्जन नाही. पिक्चरमधल्या डॉक्टरचा भीतीचा डायलॉग काय होता रे?"

"'आता तुझं ऑपरेशन!'" डायरेक्टरनं आवाज घोगरा करून म्हटलं. टपरीवाल्याचं पोरगं हसलं.

"अन् आपला? 'धुळ्याला न्या.' धुळ्यात म्हणतात नाशिकला न्या. नाशकात म्हणतात मुंबईला न्या. सुरा नको, रक्त नको. चार शब्द ऐकले की घरचे बाईचे दागिने काढायला लागतात."

"पण अप्पा, त्यात व्हिलन कुठं आहे? व्हिलन पाहिजे ना! चेहरा पाहिजे!"

"२०२०, जून," अप्पा म्हणाले. "आपलं जळगाव. सिव्हिल."

बास, एवढंच. पुढचं सांगायची कट्ट्यावर कोणाला गरज नव्हती. कोरोनाचा वॉर्ड, 'पेशंट हरवली' म्हणून नातेवाइकांची शोधाशोध, आणि आठ दिवसांनी वॉर्डाच्याच संडासाचं दार उघडलेलं. मोठ्या साहेबापासून निलंबन झालं होतं.

"ब्याऐंशी वर्षांची म्हातारी," अप्पा म्हणाले. "तठे कोणीच येडं नव्हतं रे भो. सगळे शहाणे. पाळ्या बदलल्या, सह्या झाल्या, आठ दिवस. सांग, कोणाचा चेहरा दाखवशीन?"

डायरेक्टरनं तोंड उघडलं आणि मिटलं. हे मी पहिल्यांदाच पाहिलं. टपरीवाला ग्लास विसळायला लागला, त्याचाच काय तो आवाज.

मौन आमच्या कट्ट्याला झेपत नाही. बाकाखालून कट्ट्यावरचा कुत्रा टायसन उठला, अंग झटकलं आणि डायरेक्टरच्या मोज्याचा वास घ्यायला लागला. डायरेक्टर ताडकन कट्ट्यावर उभा.

"तुला काय झालं?"

"काही नाही."

"मोजा काढ," अप्पा म्हणाले.

मोज्याखाली कापसाची पट्टी निघाली. सोमवारी टायसननं दात लावला होता. रेबीजचं पहिलं इंजेक्शन डोळे मिटून घेतलं, हे त्यानं कबूल केलं. दुसरं?

"दिवस शून्य, तीन, सात, अठ्ठावीस," अप्पांनी बोटं मोडली. "सोमवार शून्य. आज गुरुवार. सरकारीत फुकट देतात, तरी गेला नाही?"

"सकाळी निघालो होतो ना. एमआरची गाडी घेऊन. गेटापर्यंत गेलो." मग खाली बघत, "तिथली लायटिंग फार हार्श आहे."

मास्तर दिवसाचा कोटा मोडून हसले. तीन दिवस सुरे, कात्र्या, कापलेले हात आम्हाला जबरदस्तीनं दाखवणारा हा माणूस बोटभर सुईला भिऊन मेच्या उन्हात दुपारपर्यंत दवाखान्याच्या गेटाबाहेर रसवंतीवर बसला होता.

"चाल. रात्रपाळीला कोणी तरी असंलच," अप्पा म्हणाले.

"अप्पा, उद्या सकाळी नक्की..."

ऐकतो कोण. एमआरनं गाडी काढली, डायरेक्टरला मधे कोंबलं, मागं अप्पा. टायसन भुंकत मोडापर्यंत धावला. मोडावर गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली.

"पेट्रोल!" एमआर अंधारातून किंचाळला. संबंध पिक्चरमध्ये अशी किंकाळी नाही.

मग अप्पांचा आवाज आला. "उतर. तूच ढकल आते."