आमसुलाचा खरा रंग

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सोलकढीवरून जुंपली. सावंतवाडीच्या आतेभावाने टाकलं, कोकमाचं भौगोलिक मानांकन सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या नावावर आहे, म्हणजे सोलकढी आमची. गोव्यातल्या फोंड्याच्या काकाने लगेच फेणीचं २००९ चं मानांकन काढलं. फेणीचा सोलकढीशी संबंध काय, हे कुणी विचारलं नाही. मग मूळ सोलकढीत नारळाचा रस असतो की नाही, लसूण चालते की नाही, यावर रात्री दोन वाजेपर्यंत चाललं. माझ्या इथे तेव्हा साडेनऊच वाजले होते, त्यामुळे सगळा तमाशा जागेपणी बघायला मिळाला.

मी इंग्लंडमध्ये स्विंडनला असते. इथे गोंयकार एवढे आहेत की बसमध्ये कोकणीतून कुणाची निंदा करायची सोय नाही. त्याच आठवड्यात शेजारच्या आजोबांनी घरी केलेलं टॉनिक वॉटर प्यायला बोलावलं. सिंकोनाची साल मागवून, लिंबाच्या सालींबरोबर उकळून, गाळून, साखरेचा पाक घालून केलेलं. रंग कोऱ्या चहासारखा. दुकानातलं टॉनिक पाण्यासारखं स्वच्छ दिसतं, कारण त्यात साल नसते, सालीतून काढून शुद्ध केलेलं कडू क्विनीन असतं. आजोबा अभिमानाने म्हणाले, ‘‘हेच खरं.’’ घोट घेतला आणि जीभ कारल्यावर ठेवल्यासारखी झाली. ही साल जपून घ्यावी लागते. जास्त झाली तर कान वाजायला लागतात. म्हणून मी एका ग्लासावरच थांबले.

आता यातलं ‘खरं’ कुठलं? सिंकोनाचं झाड दक्षिण अमेरिकेतलं. इंग्रजांनी १८६० च्या सुमारास त्याची रोपं नीलगिरीत आणली, कारण हिंदुस्थानात मलेरियाने माणसं मरत होती आणि क्विनीन हे त्यावरचं औषध. बाटलीतल्या टॉनिकचं पेटंट त्याच्या थोडं आधी, १८५८ मध्ये, लंडनच्या इरॅस्मस बाँडने घेतलं होतं. आपल्या काजूचं तरी काय? पोर्तुगीजांनी तो ब्राझीलहून आणला. आज आम्ही बोंडू कोळंबीत, म्हणजे दगडी कुंडीत, तुडवतो, रस आंबवतो, भाटीवर पहिल्या धारेचं हुर्राक आणि दुसऱ्यांदा गाळून फेणी काढतो, आणि २०१६ पासून ती गोव्याचं वारसा पेय म्हणून मिरवतो. मिरवावंच. तिची चव इथल्या उन्हातून आणि मातीतून आली. पण त्याच तोंडाने सोलकढी ‘मूळची कुणाची’ म्हणून भांडताना जरा लाज वाटायला हवी.

कोकमाचं झाड मात्र आपल्या सह्याद्रीतलंच, त्यात वाद नाही. पण आमच्या वाडीत उन्हाळ्याच्या शेवटी भिरंडं, म्हणजे कोकमाची पिकली फळं, झाडाखाली पडून सडतात. सालं सोडवायची, रसाचे पूट देत देत कडक उन्हात वाळवायची, आणि पाऊस आला की सगळी टोपल्यांसकट घरात पळवायची, एवढं कष्टाचं काम करायला माणूस नाही. ग्रुपवर मानांकनाचा झेंडा घेतलेल्यांपैकी कुणाच्याही गच्चीवर यंदा आमसुलं वाळत नव्हती. माझ्याही नाही, हे मान्य करते. आम्ही परदेशातले तर शुद्धतेचे सगळ्यात कडवे पहारेकरी, कारण आम्हाला वाळवण राखावं लागत नाही. आईने पिशवीत बांधून दिलेली आमसुलं आम्ही बॅगेत भरतो आणि इथे बसून निवाडे देतो.

मला खरा राग आहे तो गुलाबी रंगाचा. हल्ली हॉटेलांत सोलकढी सरबतासारखी गुलाबी येते, बऱ्याचदा बिटाच्या कृपेने. जुन्या आमसुलांची कढी काहीशी मळकट, राखी जांभळटाकडे झुकणारी होते, पाहुण्यापुढे ठेवताना आई ‘रंगावर जाऊ नकोस’ म्हणायची. आजोबांच्या तपकिरी टॉनिकसमोर बसून मला तीच वाटी आठवली. म्हणून वाटतं, भांडायचंच असेल तर नावावरून नको, त्या बिटावरून भांडा.

दुसऱ्या दिवशी मी सोलकढी करायला घेतली. दहा आमसुलं कोमट पाण्यात भिजवली, मिरची आणि लसूण ठेचली, नारळाच्या दुधाचा डबा उघडला. चव काही बसेना, उकळलेल्या दुधासारखी लागत होती. आईला फोन लावला आणि ग्रुपवरचाच प्रश्न विचारला, मूळ सोलकढीत नारळ असतो का गो?

‘‘नारळ कुठला आहे तुझा?’’

‘‘डब्यातला.’’

‘‘मग कशाला घालतेस? हिंग, मीठ, मिरची घाल आणि फुटी कढी कर. आमच्याकडे नारळ पाडायला पाडेली आला नाही की तीच होत असे.’’