रॉयल्टीला खंडणी म्हणण्याआधी

मार्च २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने लाव्हा या भारतीय फोन कंपनीला स्वीडनच्या एरिक्सनची पेटंटं परवानगीविना वापरल्याबद्दल एरिक्सनला २४४ कोटी रुपये भरायला सांगितले, तेव्हापासून भारतातल्या मित्रांशी बोलताना हा विषय निघतोच. 'गोऱ्यांची खंडणी' हा त्यांचा ठरलेला शब्द. परवा तो पुन्हा ऐकला आणि मी फोन ठेवून दिला.

खंडणीखोर कोर्टात पुरावे देत बसत नाही. इथे आठ पेटंटांवर नऊ वर्षं खटला चालला. एक पेटंट कोर्टानेच बाद केलं आणि उरलेल्यांसाठी फोनच्या विक्री किमतीवर १.०५ टक्के दर धरला. दर फोनमधल्या चिपच्या किमतीवर का नाही, असं कोणी विचारलं तर मी ऐकून घेईन, तो वाद खरा आहे. पण तेवढ्या खोलात कोणी शिरतच नाही.

मी स्टॉकहोमच्या किस्ता भागात काम करतो, एरिक्सनचं मुख्यालय असलेल्या. निकालाच्या त्याच आठवड्यात एरिक्सनने स्वीडनमधली १,२०० पदं कमी करायचं जाहीर केलं. त्या दिवशी फिकाला, म्हणजे इथल्या कॉफीच्या सुट्टीत, कोणी बोलत नव्हतं. २०२३ मध्ये एरिक्सनने संशोधनावर सुमारे ५० अब्ज क्रोनर घातले, पेटंटांतून आले सुमारे ११ अब्ज. फुकटची कमाई म्हणतात ती ही!

आपल्याला जमत नाही असंही नाही. दूरच्या खेड्यांपर्यंत सिग्नल पोचवायला आपण ५जीआय हे स्वतःचं ५जी मानक केलं आणि ते थ्रीजीपीपीच्या, म्हणजे मोबाइलची जागतिक मानकं (सगळ्यांनी पाळायचे तांत्रिक नियम) ठरवणाऱ्या संघटनेच्या, रिलीज १७ या आवृत्तीत सामावून घेतलं गेलं. 'गिळलं' म्हणाले हेच मित्र. अरे, जगाच्या मानकात आपलं काम गेलं, यापेक्षा मोठं काय हवं होतं?

मानकं ठरवणाऱ्या बैठकांत मसुद्यातल्या एका वाक्यासाठी रात्री जागणाऱ्यांत आपली माणसं कितीतरी असतात. गळ्यातल्या बॅजवर कंपनी मात्र दुसऱ्या देशाची. तीन पेटंटांवर शोधक म्हणून माझंही नाव आहे, मालकी कंपनीची.

"तुझं काय, तू त्यांच्या बाजूचा," मित्र म्हणाला होता. फोन ठेवला तो खरं तर या वाक्यावर.

स्वीडनला येण्याआधी मी भारतातल्या एका फोन कंपनीत मुलाखत दिली होती. मानकांच्या कामाला तुमच्याकडे किती माणसं आहेत, असं विचारलं. समोरचे गृहस्थ म्हणाले, "आपण फोन विकतो हो." तिथे एक जरी खुर्ची असती, तर मी तिच्यावर बसलो असतो. हे मित्राला अजून सांगितलेलं नाही.