विमान अडकवा, ट्रॉफी मिळवा

मुलाला रबरावर उडणाऱ्या विमानांच्या इनडोअर स्पर्धेत उतरवताय? अभिनंदन. बाल्सा या हलक्या लाकडाच्या काड्या, वर टिश्यू पेपर, पुढं प्रोपेलर, पोटाखाली पिळलेलं रबर. जो जास्त वेळ हवेत राहील तो जिंकला. इतका सरळ खेळ आहे, त्यामुळे तो सरळ खेळण्यात काही अर्थ नाही. गेल्या रविवारी एका बॅडमिंटन हॉलमध्ये मी चार तास स्टॉपवॉच धरून उभा होतो. तिथं जे ज्ञान मिळालं ते फुकट वाटतोय.

पत्रकात लिहिलेलं असतं, 'मॉडेल स्पर्धकाने स्वतः बनवलेले असावे.' 'स्वतः' हा फार ऐसपैस शब्द आहे. ऑर्डर तुम्ही स्वतः दिलीत, ओटीपी स्वतः टाकलात, खोका स्वतः फोडलात. मुलानं पंखावर नावाचं स्टिकर स्वतः चिकटवलं. अजून काय हवं? फक्त किमतीचं लेबल काढायला विसरू नका. परवा एकाचं शेपटीवर तसंच होतं.

वजन किमान आठ ग्रॅम हवं आणि तुमचं साडेसहाच भरतंय? प्लास्टिसिनचा गोळा लावा, काटा झाला की खिशात घाला. जागतिक स्पर्धांतल्या एफ-वन-डी वर्गात विमान किमान १.४ ग्रॅमचं लागतं आणि रबर जास्तीत जास्त ०.४ ग्रॅम. एवढ्याशा रबरावर ती माणसं अर्धा अर्धा तास विमान हवेत ठेवतात. २०१५ च्या सुमारास विमानाचं किमान वजन वाढवलं आणि रबर कमी केलं, म्हणजे खेळ मुद्दाम अवघड केला. वेडी आहेत झालं. एक गोळा लावून भागलं असतं.

हॉलचे पंखे बंद ठेवायला सांगितलेत? ठेवा की. दुसऱ्याचं विमान वर असताना दार सताड उघडून चहावाल्याला आत घ्या.

रबर कुठल्या बाजूनं पिळायचं हे मुलाला सांगू नका, त्याच्यावर ताण येतो. परवा एका मुलानं उलटं पिळलं, सोडलं, आणि विमान शेपटीच्या दिशेनं सरकून त्याच्याच पायाशी पडलं. बाबा मोबाईल खाली न करता ओरडले, "उलटं रे, उलटं!" मग दुसरा हात पुढं करून त्यांनीच पिळून दिलं. शूटिंगमध्ये फक्त मुलाचा चेहरा आलाय, हे मी नंतर पाहिलं.

आता हुकमी एक्का. आमच्या पत्रकात लिहिलं होतं, 'विमान जमिनीला टेकेपर्यंतचा वेळ धरला जाईल.' याच मुलाचं विमान दुसऱ्या फेरीत चाळिसाव्या सेकंदाला छताच्या पत्र्याखालच्या लोखंडी कैचीत जाऊन बसलं. रबर संपलं, प्रोपेलर थांबला. मी एक्केचाळीसला घड्याळ बंद केलं. बाबा आले. "का थांबवलंत? जमिनीला टेकलंय कुठं?"

मला वाटलं, गंमत करतायत. नव्हते करत. वेळ मोजणाऱ्या दुसऱ्या टायमरचं घड्याळ चालू होतं, ते त्यांनी चालूच ठेवायला लावलं. आम्ही सगळे माना वर करून एका अडकलेल्या विमानाकडे बघत उभे! दीड मिनिट झालं, दोन झाली. तोवर शिपाई जळमटं काढायचा बांबू घेऊन आला, तर त्यालाही थांबवलं, कारण बांबू लावणं म्हणजे 'बाहेरचा हस्तक्षेप'. शेवटी चहावाल्यानं दार लोटलं, झुळूक आली आणि ते आपोआप सुटून खाली आलं. तीन मिनिटं बावन्न सेकंद. पहिला नंबर.

मी म्हटलं, अहो, आंतरराष्ट्रीय नियमात याला उत्तर आहे. विमान इमारतीला अडकून पुढं सरकायचं थांबलं की टायमर दहा सेकंद वाट बघतो. सुटलं तर घड्याळ चालू, नाही सुटलं तर बंद, आणि ते दहा सेकंद वजा. त्यावर उत्तर काय, तर "ते तिकडं. तुमच्या पत्रकात लिहिलंय का?" आणि आयोजक? "टेक्निकली त्यांचं बरोबर आहे हो." टेक्निकली! विमान उडवायची स्पर्धा आहे की कोळिष्टकासारखं लटकायची? लटकणं हेच उडणं असेल तर आमच्या दिवाणखान्यातला पंखा गेली अकरा वर्षं हवेत आहे, त्यालाही एक ढाल द्या! आल्फोन्स पेनो या फ्रेंच संशोधकानं १८७१ साली पॅरिसच्या बागेत पिळलेल्या रबरावरचं विमान उडवलं, ते अकरा सेकंद हवेत राहिलं, आणि त्या अकरा सेकंदांची नोंद लोकांनी आजवर ठेवलीय. तिथं झाडं होती. फांदीवर टाकलं असतं तर बिचाऱ्याचे दोन दिवस झाले असते.

हो, माझी भाची त्याच गटात होती. एक मिनिट सव्वीस, दुसरी. त्यामुळे मला बोलायचा हक्क नाही, असं मला तिथंच सांगण्यात आलं. तिचं घड्याळ मी धरलं नव्हतं, पण तेही असो. पावसाळी हवेनं टिश्यू सैल पडला म्हणून तिनं डावा पंख तीनदा मढवला होता. विमान डावीकडं गोल फिरताना त्या बाजूला कलू नये म्हणून तो पंख उजव्यापेक्षा नखभर लांब ठेवलेला, हे मला तिनं शिकवलं.

बक्षिसं झाल्यावर तो मुलगा ट्रॉफी काखेत मारून तिच्याकडे आला. "तुझं एकदा उडवू?" तिनं दिलं. कुठल्या बाजूनं पिळायचं, आधी रबर किती ताणायचं, पीळ देत देत जवळ कसं यायचं, सगळं दाखवलं. त्यानं जीभ बाहेर काढून, मोजून दीडशे पीळ दिले आणि सोडलं. विमान फिरत फिरत वर निघालं तसा तोही मान वर करून गोल फिरत राहिला. ते खाली यायच्या आत बाबांची हाक आली, "चल लवकर, फोटो राहिलाय."

साहेब, आता उपरोध पुरे. तुमच्या पोराला ते विमान बनवायचं होतं. पन्नास रुपयांचा बाल्सा आणि चार संध्याकाळी एवढाच खर्च होता, तोही तुम्हाला जड झाला. नियमात भोक शोधायला वेळ होता, पोराशेजारी बसायला नव्हता. आणि आयोजकहो, तुम्हाला समोर दिसत होतं, तरी एका माणसाचा आवाज चढला म्हणून तुम्ही गप्प बसलात. लाज वाटू द्या. पुढच्या वर्षी पत्रकात ते दहा सेकंद लिहा, नाहीतर घड्याळ धरायला मला बोलावू नका.