बाकडे बसवू इच्छिणाऱ्यांसाठी

आपल्या प्रभागात सार्वजनिक बाकडी बसविण्याचे काम आपल्याकडे आले असेल, तर एक पथ्य कटाक्षाने पाळावे : ज्यांना बसायचे आहे, त्यांना काहीही विचारू नये. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एखाद्या आजींना विचारलेत, तर भाजी घेऊन घरी परतताना वाटेत टेकायला जागा हवी, असे त्या सांगतील आणि बाकडे मग त्या वाटेवरच बसवावे लागेल. त्यापेक्षा विजेच्या डीपीच्या पेटीशेजारी जी जागा कोणालाच नको असते, ती निवडावी. तोंड भिंतीकडे करावे. येणारीजाणारी माणसे पाहत बसण्याची लोकांना फार वाईट खोड असते.

दगड काळा, गुळगुळीत ग्रॅनाइटचाच घ्यावा. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा दिवसभर तापलेला हा दगड संध्याकाळी पाचलाही बसणाऱ्याला उठवतो आणि जानेवारीतल्या पहाटे, फिरायला निघालेल्यांना, तेच काम गारठ्याने करतो. कडुलिंब लावण्याचा आग्रह झालाच, तर तो बाकड्याच्या पूर्वेला लावावा, म्हणजे दुपारची सावली पलीकडच्या गटारावर पडेल.

बैठकीची उंची साधारण ४५ सेंटिमीटर असली, की गुडघे दुखणाऱ्यालाही उठता येते. म्हणून उंचीचा विचारच करू नये. दोन वर्षांनी जुन्या पेव्हर ब्लॉकवर नवे ब्लॉक अंथरले जातात आणि बाकडे आपोआप पाटाइतके बुटके होते. हाताला धरून उठण्यासाठी कडेला दांडा हवा असतो. तो मधोमध लावावा, म्हणजे कोणी आडवेही होणार नाही आणि कोणाला उठताही येणार नाही. पाठ तर मुळीच नको, टेकले की माणसे गप्पा मारतात. मात्र ‘अमुक यांच्या निधीतून’ हा फलक मग कुठे लावायचा, ही अडचण खरी आहे. त्यापुरती पाठ द्यावी आणि अक्षरे उठावदार ठेवावीत. ती बसणाऱ्याच्या पाठीवर नीट उमटतात.

जुन्या नाशकातल्या वाड्यांचे ओटे आणि पिंपळाचे पार यांचा दाखला कोणी दिला, तर विषय बदलावा. पाराला चारही बाजू असल्यामुळे सावली सरकेल तशी माणसेही सरकत असत. ज्याला बोलायचे तो कोपऱ्याशी बसे, ज्याला बोलायचे नाही तो पलीकडे तोंड करून बसे, आणि हे सारे कोणाच्याही निधीशिवाय चाले. असे उदाहरण फलकाच्या दृष्टीने घातक आहे.

आमच्या कोपऱ्यावर वरीलप्रमाणेच तंतोतंत काम झाले आहे. आजी आता औषधांच्या दुकानाच्या पायरीवर टेकतात, मुले उभ्या स्कूटरवर बसतात. बाकडे रिकामे म्हणावे, तर तसेही नाही : यंदा शेजारच्या काकूंनी त्यावर उडदाचे पापड वाळत घातले. ते दुपारपर्यंत खडखडीत वाळले आणि खालच्या धोतराचे टोक उडू नये म्हणून काकूंनी ते फलकाला गाठ मारून बांधले होते.