आधी शाळा, मग युनियन

इंदुरात गिरण्यांचा विषय निघाला की बोलणं बंद पडलेल्या हुकुमचंद मिलच्या कामगारांच्या थकबाकीवर जातं, नाहीतर अनंत चतुर्दशीच्या झांक्यांवर, म्हणजे चित्ररथांवर. मला आज कामगार पुढारी ना. म. जोशींबद्दल लिहायचंय. माणूस मुंबईचा, पण गरज आपल्याला आहे.

१९२० साली आयटक, म्हणजे कामगार संघटनांची देशपातळीवरची संघटना, उभी करणाऱ्यांत ते होते, हे बरेच जण सांगतात. त्याच्याही आधी, १९११ मध्ये, त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली आणि मजुरांसाठी रात्रीच्या शाळा, वाचनालयं सुरू केली. मूळचे मास्तरच ते! कापड गिरण्यांतली त्यांची युनियन आली १९२६ मध्ये. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

१९११ च्याच कायद्यानं कापड गिरणीतल्या पुरुषांच्या कामाला मर्यादा घातली, ती किती? दिवसाला १२ तास! एवढं राबून माणूस रात्री पाटी घेऊन बसायचा. कामावर घेणारा जॉबर, म्हणजे मुकादम, काढणाराही जॉबर. दंड किती नि कशाबद्दल कापला, हे अंगठा उठवणाऱ्यानं विचारायचं कुणाला? समोरचा सांगेल तोच हिशेब.

पुढे जोशींना मवाळ म्हणून हिणवलं गेलं. १९२९ ला नागपूरच्या अधिवेशनात आयटक फुटली, ते बाहेर पडले. त्यांचं राजकारण कुणाला पटो न पटो. संप मिटल्यावर कागदावर काय लिहिलंय ते कामगाराला स्वतः वाचता आलं पाहिजे, आणि त्यासाठी आधी कुणीतरी फळ्यापाशी उभं राहावं लागतं. ते उभे राहिले.

आमच्या शेजारचा मुलगा इंदुराजवळच्या पिथमपूरच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे आहे. "काका, पीएफ तर कापतात ना," म्हणाला. पगाराच्या चिठ्ठीत मूळ पगाराचे १२ टक्के दरमहा वजा. मोबाइलवर पासबुक उघडलं, तर मधले महिने कोरे, म्हणजे कापलेले पैसे जमाच नाहीत. बी.कॉम. झालेला मुलगा हा! चिठ्ठी आणि पासबुक ताडून बघायचं असतं, हे त्याला कॉलेजात कुणी शिकवलं नाही, आणि युनियनचा माणूस तर त्यानं अजून पाहिलेलाच नाही. याचा मला राग येतो.

आपल्या मराठी मंडळांची सभागृहं गणपतीत भरतात, एरवी संध्याकाळी बरीचशी रिकामीच. कामगार संघटनांनी ती मागावीत, मंडळांनी द्यावीत. पगाराची चिठ्ठी, पीएफ, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, ओव्हरटाइमचा दुप्पट दर, एवढं तरी शिकवू. हिंदीत शिकवू, मराठीत शिकवू. बँकेतून निवृत्त झालेले आपल्यात कितीतरी आहेत. रविवारी सकाळी मी बसायला तयार आहे. जागा कोण देतंय, तेवढं कळवा.