‘इरलिश्ट’मध्ये सिंथेसायझर नाही

ताई, नमस्कार.

जर्मन संगीतकार क्लाउस शुल्त्सेच्या ‘इरलिश्ट’ या अल्बमवर मी जो लेख लिहिला, त्यावर तुम्ही म्हणता की ही सुमारे 50 मिनिटांची नुसती घरघर आहे, तिच्यात ना सूर ना लय. सिंथेसायझरची एक कळ दाबून बसलं की असलं संगीत कुणालाही जमेल. आणि मी त्याला ‘आलापासारखं’ म्हटलं, तो आलापाचा अपमान आहे.

आधी शेवटचा मुद्दा, कारण तिथे चूक माझी आहे. आलापात बढत असते. एकेका स्वराला जागा मिळते, पुढचा स्वर कधी लावायचा याला रागाची शिस्त असते आणि प्रत्येक स्वराचं षड्जाशी नातं असतं. यातलं शुल्त्सेकडे काहीच नाही. दोन्ही संथ आहेत एवढ्यावरून मी ती तुलना केली आणि ती उथळ होती. ते वाक्य मी लेखातून काढलं आहे. तुम्ही इतकी वर्षं गाणं शिकलेल्या आहात, तुम्हाला ते खटकणारच.

पण सिंथेसायझरचं म्हणणं मला मान्य नाही, कारण या अल्बममध्ये सिंथेसायझर नाहीच. 1972 साली शुल्त्से चोविशी-पंचविशीतला बर्लिनचा तरुण होता आणि हा त्याचा पहिला एकट्याचा अल्बम. हाताशी होता एक बिघडलेला विजेचा ऑर्गन, एक नादुरुस्त अॅम्प्लिफायर आणि वाद्यवृंदाच्या तालमीचं ध्वनिमुद्रण. ती टेप त्याने उलटी वाजवली आणि तिचा आवाज पार बदलून टाकला. सिंथेसायझर त्याच्या संगीतात आला पुढच्या वर्षी, ‘सायबोर्ग’ या अल्बममध्ये.

उलट्या टेपबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण तुम्हाला जी घरघर वाटली ती बरीचशी तिथूनच येते. वाद्य कोणतं हे आपला कान मुख्यतः आघातावरून ओळखतो: तारेला लागलेली नखी, गज टेकण्याचा क्षण, फुंकरीची सुरुवात. टेप उलटी फिरली की हा आघात शेवटी जातो. स्वर कुठूनसा हळूहळू फुगत येतो आणि भरात असतानाच तुटतो. व्हायोलिनं तीच असतात, पण ओळख देत नाहीत. ‘एबेने’ म्हणजे सपाटी, या पहिल्या भागाच्या सुरुवातीला जे काळोखं, दाट काहीतरी सरकत असतं, ते असं माणसांनीच वाजवलेलं आहे. मग बऱ्याच वेळाने ऑर्गन येतो. त्याचा स्वरसमूह धरून ठेवलेला असतो, आणि तो दर काही क्षणांनी किंचित जड होत जातो. हे कळ दाबून बसणं नव्हे. मला तर तिथे दर वेळी हात दिसतात.

आता लय. लय कळत नाही म्हणून ती गाळली असं तुम्ही सुचवलंत, ते वाचून मला खरंच वाईट वाटलं. शुल्त्से मुळात ड्रमवादक. टँजरिन ड्रीम या बँडच्या 1970 च्या पहिल्या अल्बमवर ड्रम त्याचेच आहेत, आणि पुढच्या वर्षी अॅश रा टेम्पल या दुसऱ्या बँडच्या पहिल्या अल्बमवरही. पुढच्याच वर्षी तो माणूस ठेका पूर्ण बाजूला ठेवतो आणि कळपट्टीसमोर बसतो. जे सर्वांत चांगलं येतं तेच सोडून देणं किती कठीण असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

अल्बमच्या उपशीर्षकातल्या ‘सिंफनी’ (वाद्यवृंदाची भारदस्त रचना) या शब्दावरची तुमची टीका मात्र मला अर्धी पटते. ‘वाद्यवृंद आणि विद्युतयंत्रांसाठी’ असं म्हणत तरुणपणी मोठा शब्द वापरला गेला, खरं आहे. ‘इरलिश्ट’ हा शब्द मला अधिक नेमका वाटतो. रात्री दलदलीवर दिसणारा, वाटसरूला भुलवून भलतीकडे नेणारा उजेड. आपल्याकडे वाट चुकवणाऱ्याला चकवा म्हणतात, त्याच्या जवळचा. ऐकताना तसंच होतं: आपण एका आवाजामागे जातो आणि तो विरतो.

तुम्ही हा अल्बम लोकलमधून येता-जाता, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलात असं लिहिलंय. तिथे मला थांबावंसं वाटतं. एवढ्याशा स्पीकरमधून खालचे स्वर जवळजवळ येतच नाहीत, आणि जे येतात ते गाडीच्या खडखडाटात बुडतात. या अल्बमचा निम्मा जीव त्या खालच्या स्वरांत आहे. जवारी नीट न लागलेला तानपुरा ऐकून कुणी तानपुऱ्याबद्दल मत बनवलं, तर तुम्ही त्याला पुन्हा ऐकायला लावाल.

म्हणून एक विनंती. घरी, हेडफोन लावून, तबकडीची दुसरी बाजू आधी ऐका: ‘एक्झिल सिल्स मारिया’. सिल्स मारिया हे स्वित्झर्लंडमधलं डोंगरातलं गाव, तत्त्वज्ञ नीत्शे तिथे अनेक उन्हाळे राहायचा. ही बाजू वीसेक मिनिटांची आहे आणि पहिलीपेक्षा कितीतरी शांत. ऑर्गनचा तो भार इथे नाही. लांबून काहीतरी येतं, जवळ येईपर्यंत मावळतं. ती ऐकूनही घरघरच वाटली तर तसं जरूर लिहा, मी ते मत लेखाखाली तुमच्या शब्दांत ठेवीन.